ठाणे-नवी मुंबईत ख्रिस्ती सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगर, जालना, सोलापूरकडच्या मंडळ्यांमधली (मंडळी म्हणजे एका चर्चचा समुदाय) तरुण मुलंमुली सेवेसाठी इकडे यायचं ठरवतात आणि आधी फोन करून चौकशी करतात. इथले शेजारी, सोसायटीतले काका, मुलांच्या शाळेतल्या बाई, तेही विचारतात. दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र ठेवले आहेत. कायद्याचा विषय जिथे आला आहे तिथे मोठ्या निर्णयाआधी वकिलाशी बोला. मी वकील नाही, आणि धर्मांतरविषयक कायदे राज्याराज्यांत बदलतात.

१. मिशनरी, पाळक, फादर, सुवार्तिक... तुम्ही यातल्या नेमक्या कोण?

फादर हे कॅथलिक धर्मगुरू. बिशप त्यांना एखाद्या चर्चची जबाबदारी देतात आणि बदलीही तेच करतात. पाळक हे प्रोटेस्टंट मंडळीचे. रविवारची उपासना, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी), लग्न, अंत्यविधी हे सगळं त्यांच्याकडे. सुवार्तिक किंवा मिशनरी माणसाला बहुधा स्वतःची मंडळी नसते. त्याला कुणीतरी पाठवलेलं असतं आणि त्याचं काम चर्चच्या दाराबाहेर असतं. मी या शेवटच्या गटातली. माझी पाळक म्हणून दीक्षा झालेली नाही, म्हणून मी लग्नं लावत नाही आणि बाप्तिस्मा (ख्रिस्ती होतानाचा पाण्याचा संस्कार) देत नाही. त्यासाठी आमच्या पाळकसाहेबांकडे पाठवते. लोक मला सिस्टर म्हणतात, त्यामुळे झगा घालणाऱ्या कॅथलिक सिस्टरांशी गल्लत होते. त्यांनी व्रत घेतलेलं असतं. मी संसारी आहे.

२. हा धर्म इंग्रजांबरोबरच आला ना? मग इथे मराठी माणसाचा काय संबंध?

ठाण्यापुरतं बोलायचं तर इंग्रजांच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे. १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार संन्यासी चीनकडे जाताना ठाण्याला उतरले: टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. चौघांनाही इथेच मारण्यात आलं. मला त्या हकिकतीत जास्त महत्त्वाचा वाटतो तो एक बारीक तपशील: त्यांना घरात उतरवून घेतलं ते ठाण्यात आधीपासून राहणाऱ्या नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबाने. म्हणजे तेव्हाही इथे ख्रिस्ती घरं होती.

पुढे पोर्तुगीज आले. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च त्या काळातलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं, तरी इथली ख्रिस्ती वस्ती उठून गेली नाही. ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्या मूळच्या कॅथलिक घरांतून आजही त्यांच्या वळणाची मराठी ऐकू येते. इंग्रजांचं म्हणाल तर कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले तेव्हा त्यांना परत पाठवण्याचा घाट घातला गेला होता.

आता दुसरी बाजू. पोर्तुगीज अमलात सक्ती झाली, देवळं पाडली गेली. समोरच्याने हा विषय काढला तर नवे सेवक गडबडतात आणि शाळा-दवाखान्यांची यादी सांगू लागतात. तसं करू नका. झालं ते झालं म्हणून मान्य करा. ज्याच्या पूर्वजांचं देऊळ गेलं त्याला तुमच्या शाळांचा हिशोब नको असतो.

३. मराठी चांगली यायलाच हवी का? नवी मुंबईत सगळं हिंदीवर भागतं.

भाजी आणायला भागतं. आजारी आईच्या उशाशी बसलेल्या बाईशी बोलायला भागत नाही. नगरकडून आलेल्यांनी घणसोली, कोपरखैरणे, दिवा इथली आगरी बोली निदान कानावरून जाऊ द्यावी. बोलायचा प्रयत्न केलात तर लोक हसतील, पण जवळ घेतील. गाण्यांच्या बाबतीत तर मराठीचा खजिना हाताशी आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या चालीत आणली. पेटी, ढोलकी आणि टाळ असले की गृहसभेत, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेत, शेजारची आजीसुद्धा ताल धरते. याउलट गिटारवरची भाषांतरित गाणी आमच्या तरुणांना आवडतात आणि आजी उठून जाते. हे माझं मत आहे. आमच्याच मंडळीत यावरून वाद आहेत.

४. तुमचा दिवस जातो कसा? दिवसभर प्रार्थनाच असते का?

पहाटेची अर्धा-पाऊण तास शांतता सोडली तर दिवस चारचौघींसारखा. पाणी भरणं, डबे, मुलीची शाळा. नंतर ट्रान्स हार्बरची गाडी धरते. ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी ती जाते आणि आमच्या बहुतेक ओळखी याच मार्गाच्या दोन्ही बाजूंना आहेत: औद्योगिक पट्ट्यातले कामगार, वस्त्यांमधल्या घरकाम करणाऱ्या बाया, बाजार समितीत हमाली करणारे साताऱ्याकडचे लोक.

आठवड्यातले काही दिवस खारघरला असतात. तिथल्या टाटाच्या कर्करोग रुग्णालयात विदर्भ-मराठवाड्यातूनच नव्हे, बिहार-बंगालमधूनही लोक येतात. रुग्णाबरोबर आलेला माणूस महिना महिना इथे अडकतो. त्याला काय हवं असतं? झेरॉक्स कुठे मिळेल, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळत नसेल तर काय करायचं, रुग्णाला पेज कोण करून देईल, धर्मशाळेत नंबर कधी लागेल. माझा बराचसा वेळ या उत्तरांतच जातो. वॉर्डात जाऊन धर्माचं बोलणं मी करत नाही. तिथल्या माणसाला उठून जाता येत नाही, म्हणून ते योग्य नाही. बाहेर चहाच्या टपरीवर कुणी स्वतःहून म्हणालं की ताई, आमच्यासाठी प्रार्थना करा, तर तिथल्या तिथे दोन वाक्यांची करते.

संध्याकाळी गृहसभा किंवा मुलांचा अभ्यास. रविवार पूर्ण मंडळीचा. सोमवारी सुट्टी, आणि ती मी पाळते. नव्या सेवकांना सुट्टी घेणं पाप वाटतं. वर्षभरात तेच सगळ्यात आधी आजारी पडतात.

५. खर्च कसा भागतो? परदेशातून डॉलर येतात असं सगळे म्हणतात.

आमचं घर माझ्या मिस्टरांच्या महापे येथील नोकरीवर चालतं. माझ्या प्रवासाचा आणि कामाचा खर्च दोन मराठी मंडळ्या उचलतात. ज्या सेवकांना संस्थेकडून मानधन मिळतं ते बहुधा एवढंच असतं की दिव्यात किंवा कळव्यात एक खोली परवडावी. स्वतः कमावून सेवा करणं कमीपणाचं नाही. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरात तंबू शिवले, हे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात आहे. शिकवण्या, शिवणकाम, रिक्षा, आयटी कंपनी, काहीही चालेल.

डॉलरचं म्हणाल तर नियम कडक आहेत. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेची २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावी लागते आणि एका संस्थेला ती पुढे दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही. म्हणून दुबईचा मित्र “सेवेसाठी थोडे पाठवतो” म्हणाला, तर स्वतःच्या बचत खात्याचा नंबर देऊन मोकळे होऊ नका. घरखर्चाला नातेवाइकाने पाठवलेले पैसे वेगळे आणि सेवेच्या नावाने आलेले वेगळे. अशा वेळी सीएला विचारा.

६. ख्रिस्ती सेवक म्हटल्यावर घर भाड्याने मिळतं का?

मिळतं, थोडं फिरावं लागतं. सोसायट्यांमध्ये पहिला प्रश्न मांसाहाराचा येतो. धर्माचा नंतर आणि आडून येतो. गावठाणातल्या आगरी मालकांच्या घरी मासळीचा प्रश्नच नसतो, त्यामुळे पुष्कळ सेवक तिथेच राहतात. भाडेकरार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात तो नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्या. उद्या कुणी तक्रार केली तर हेच दोन कागद उपयोगी पडतात. घरात आठवड्याला माणसं जमणार असतील तर ते मालकाला आधी सांगा. न सांगता सुरू करणाऱ्यांना बहुतेक वेळा घर सोडावं लागतं, आणि त्यात मालकाचं फारसं चुकतं असं मला वाटत नाही.

७. घरी प्रार्थनासभा घ्यायला पोलिसांची परवानगी लागते का?

स्वतःच्या घरात पाच-दहा माणसांनी बसून प्रार्थना करायला लागत नाही. मंडप, रस्ता, मैदान किंवा ध्वनिक्षेपक आला की लागते. ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. चारभिंतींच्या आतही आवाजाचं तारतम्य ठेवा. आपल्यातल्या काही लोकांना वाटतं की मोठ्याने ओरडल्याशिवाय देवाला ऐकू जात नाही. खालच्या मजल्यावरच्या दहावीच्या मुलाला मात्र नक्की जातं. रात्री नऊच्या आत संपवा, चपला जिन्यात पसरू देऊ नका, दुचाक्या दुसऱ्याच्या जागेत लावू नका. तक्रारी धर्मावरून असतात त्याहून जास्त पार्किंगवरून असतात.

८. अमेरिकेतले एक पास्टर सुट्टीत येणार आहेत. त्यांना गृहसभेत बोलायला सांगू का?

पर्यटक व्हिसावर आले असतील तर नको. धर्मप्रचारासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. पर्यटक व्हिसावर प्रवचन दिलं तर त्यांना देश सोडावा लागू शकतो आणि तुमच्या मागे चौकशी लागते. रविवारच्या उपासनेला येऊन बाकावर बसायला हरकत नाही. घरी जेवायला बोलवा, पापलेट खाऊ घाला.

९. लोकलमध्ये पत्रकं वाटावीत का? गावी आम्ही बाजारात वाटायचो.

माझं उत्तर नाही असंच आहे. गर्दीच्या डब्यात माणसाला बाजूला सरकता येत नाही, मग तो चिडतो किंवा पत्रक खाली टाकतो. बायबलच्या वचनाचा कागद पायदळी आलेला मला पाहवत नाही. रोजच्या डब्यातल्या बायकांशी ओळख होते, डोहाळजेवणं होतात, कुणाचा नवरा वारतो. अशा गाडीत बोलायला पुढे कितीतरी वर्षं मिळतात. घाईचं कारणच नाही.

१०. सरळ सांगा, तुम्ही धर्मांतर करता का?

हा प्रश्न रागाने विचारणारे असतात तसे खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारणारेही असतात. दोघांना एकच उत्तर देते.

मी येशूबद्दल बोलते. कुणी विचारलं तर सविस्तर बोलते. संविधानाचं २५ वं कलम धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात हेही सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. प्रसार म्हणजे आपली श्रद्धा समजावून सांगणं. ही रेघ मला अडचणीची वाटत नाही. कायदा नसता तरी मी तिथेच थांबले असते.

आता व्यवहारात. कुणी म्हणालं, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे, तर आम्ही उडी मारत नाही. ती व्यक्ती सज्ञान असावी. घरच्यांना माहीत असावं. त्यांची संमती मिळेलच असं नाही, पण लपवाछपवी नको. निदान वर्षभर तिने वचन वाचावं आणि उपासनेला यावं. नोकरी, कर्ज, लग्न, मुलाचं ॲडमिशन यांतलं काही आमच्याकडून मिळेल ही आशा त्यामागे असेल तर ती आधी मोडून काढावी लागते. या वर्षभरात बरेचजण येणं थांबवतात. पुढे रस्त्यात भेटले की चहा घेतो, आणि मी त्यांना परत ये म्हणून मागे लागत नाही. लग्नासाठी धर्म बदलायचा असेल तर तसं स्पष्ट सांगा. दोघांनी आपापल्या धर्मात राहून लग्न करायला १९५४ चा विशेष विवाह कायदा आहेच. नाव बदलायची गरज नाही. शांताबाई शांताबाईच राहू शकते.

११. पण मदत करता तेच आमिष नाही का?

होऊ शकतं, म्हणून आम्ही दोन्हीत अंतर ठेवतो. धान्याचं पाकीट देताना प्रार्थना नाही, पत्रक नाही, पिशवीवर वचन नाही, फोटो नाही. ज्याला मदत केली त्याला त्या महिन्यात सभेचं आमंत्रणही नाही. डाव्या हाताला कळू नये असं दान करा, ही बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली शिकवण कायद्यापेक्षा कडक आहे. आमच्यातले काही म्हणतात, मग आपल्या विश्वासाची साक्ष कशी होणार? होवो न होवो. भुकेल्या माणसाने भाकरीच्या बदल्यात हो म्हटलं तर तो विश्वास त्याचा नसतोच. तो भाकरीचा भाव असतो.

१२. बाप्तिस्म्यानंतर जातीचा दाखला आणि सवलती जातात का?

हे बाप्तिस्म्याच्या आधी सांगायचं असतं आणि पुष्कळजण सांगत नाहीत.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळतो. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आलेले नाहीत. म्हणजे अनुसूचित जातीतल्या माणसाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर तो दर्जा उरत नाही. अनुसूचित जमातीचं तसं नाही. तिथे धर्माची अट नाही, त्यामुळे येऊरच्या पाड्यावरचा वारली ख्रिस्ती झाला तरी वारलीच.

“कागदावर हिंदू राहू आणि रविवारी येऊ” असं पुष्कळ घरांत चालतं. का चालतं ते मला कळतं. पिढ्यान्‌पिढ्या खालच्या पायरीवर बसवलेल्या माणसाला मुलीच्या फीची सवलत सोड म्हणणं सोपं नाही, आणि देवळाबाहेर पडल्याने जात अंगावरून उतरते असंही नाही. आमच्या मंडळ्यांमध्येही ती बाकावर बसलेली असते. तरीही बाप्तिस्मा घेऊन हिंदू म्हणून दाखला काढा असा सल्ला मी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशाच एका प्रकरणात दाखला नाकारला आहे. मुलांचं शिक्षण अर्ध्यावर असेल तर थांबा, असं मी स्वतः कुटुंबांना सांगितलं आहे. विश्वासाला घड्याळ लावलेलं नाही.

१३. ताई, गणपतीचा प्रसाद खायचा का? आरतीला उभं राहायचं का?

दरवर्षी भाद्रपदात हा प्रश्न येतो, आणि सेवेतला सगळ्यात नाजूक प्रश्न हाच आहे.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायांत मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी लिहिलं आहे. थोडक्यात: अन्नाने माणूस देवाजवळ जात नाही की दूर होत नाही. कुणाच्या घरी जेवायला गेलात तर समोर येईल ते खा. पण तुमच्या खाण्याने एखाद्या दुबळ्या विश्वासणाऱ्याचा पाय घसरत असेल तर खाऊ नका. आणि प्रत्यक्ष पूजेत भाग घेणं वेगळं, ते टाळा. एवढं वाचूनही प्रामाणिक माणसं वेगवेगळ्या निष्कर्षाला येतात.

मी काय करते ते सांगते. शेजारी दर्शनाला बोलावतात तेव्हा जाते. मखराचं कौतुक करते, कारण मनापासून आवडलेलं असतं. आरती सुरू झाली की स्वयंपाकघरात वहिनींना मदतीला असते. प्रसाद हातावर आला की ज्या प्रेमाने दिला त्या प्रेमाने घेते. आमच्या घरी एक नवा विश्वासणारा मुलगा राहायला होता. त्याला ते पाहून त्रास व्हायचा, म्हणून तो असेपर्यंत मी नम्रपणे घरी नेते म्हणायचे आणि शेजारणीला कारणही सांगितलं होतं. ती म्हणाली, आमच्याकडे उपास असतात तसंच की हे.

हळदी-कुंकवाला मी जाते आणि कुंकू लावून घेत नाही. पहिल्या वर्षी कुजबुज होते, दुसऱ्या वर्षी माझ्यासाठी फक्त वाण आणि तिळगूळ वेगळा ठेवलेला असतो. मंडळाची वर्गणी मागायला मुलं आली तर त्यांच्या रक्तदान शिबिरासाठी म्हणून देते. नाताळात करंज्या, शंकरपाळ्या, केकचं ताट सगळ्या मजल्यांवर जातं. ते कुणी परत पाठवलेलं नाही.

१४. प्रार्थनेने आजार बरा झाला म्हणून गोळ्या बंद कराव्यात का?

अजिबात नाही. क्षयरोगाचा साधा उपचारही साधारण सहा महिने चालतो. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि तिथेच माणूस गोळ्या सोडतो. मग औषधांना दाद न देणारा क्षयरोग होतो. आम्ही प्रार्थना करतो आणि सोबत गोळ्यांचा तक्ता भिंतीवर लावतो. सर्पदंश, विंचूदंश किंवा कुत्रा चावल्यावर औषधोपचार रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे. स्टेजवरून “कॅन्सर गेला” अशी घोषणा करणाऱ्यांशी माझं पटत नाही. खारघरच्या फूटपाथवर त्या घोषणेचं पुढे काय होतं ते दिसतं.

१५. वस्तीतली हिंदू, मुस्लिम मुलं आमच्या रविवारच्या वर्गाला येतात. चालेल?

आईवडिलांना माहीत असेल आणि हो म्हणत असतील तर. माहीत नसेल तर मुलाला गोड बोलून घरी पाठवा आणि संध्याकाळी आईला भेटा. अभ्यासाच्या वर्गात फक्त अभ्यास. बायबलची गोष्ट हवी असेल तर तो वर्ग वेगळ्या दिवशी आणि त्याच नावाने घ्या. खोलीत कायम दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं. गावाकडची गरीब मुलं आणून वसतिगृह काढायचा विचार असेल तर आधी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा अभ्यास करा. निराधार किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवायची तर संस्थेची नोंदणी लागते. चांगल्या मनाने पण नोंदणीशिवाय चालवलेल्या घरांनी आपल्या लोकांचं खूप नुकसान केलं आहे.

१६. एकट्या मुलीने सेवेला यावं का?

यावं, पण राहायला आणि घरभेटींना सोबत हवी. येशूनेही शिष्यांना दोघं दोघं करून पाठवलं. रात्री महिलांच्या डब्यात पोलीस असतात त्या डब्यातच बसा. एकट्या पुरुषाच्या घरी, तो आजारी असला तरी, एकटीने जाऊ नका. संस्थेतल्या वरिष्ठाने त्रास दिला तर ‘देवाच्या माणसाविरुद्ध बोलू नये’ हे वाक्य ऐकून गप्प बसू नका.

१७. चार मुलं येऊन जाब विचारू लागली किंवा पोलीस आले तर?

दार उघडा, बसायला सांगा, पाणी द्या. वाद घालू नका आणि लगेच व्हिडिओ काढून पसरवू नका. त्याने दोन्हीकडची माणसं जमतात. कुणी मारहाण केली किंवा सामान फोडलं तर ११२ ला फोन करा आणि तक्रार लेखी द्या. पोलिसांनी विचारलं तर भाडेकराराची प्रत (प्रश्न ६) आणि कोण येतं, काय होतं याची सरळ उत्तरं पुरे असतात. साक्षीदार म्हणून चौकशी असेल तर बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन विचारावं लागतं. हे शांतपणे सांगा. शेजाऱ्यांशी आधीपासून येणंजाणं असेल तर निम्मं काम तेच करतात. आमच्या जिन्यात एकदा असं झालं तेव्हा मी बोलायच्या आधी समोरच्या काकू बोलल्या, आणि चांगल्याच बोलल्या.

१८. सेवेत असूनही प्रार्थना होत नाही, कोरडं वाटतं. मी ढोंगी आहे का?

हा प्रश्न रात्री उशिरा येतो आणि पुढे “कुणाला सांगू नका” असं लिहिलेलं असतं.

आधी झोप मोजा. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, आणि पुन्हा झोपू दिलं. पहाटे चारला उठून रात्री बाराच्या लोकलने परतणाऱ्याचा आत्मा कोरडा पडण्याआधी शरीर पडलेलं असतं. दोन आठवडे नीट झोपून, जेवूनही तसंच वाटत असेल, रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांना भेटा. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास नव्हे.

आणि कधी कधी कारण काहीच नसतं. देव गप्प असतो. बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचा. ते आकांताने सुरू होतं आणि काळोखातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहे. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर २००७ मध्ये लोकांसमोर आली तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती. त्या काळात मी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करणं सोडून देते. छापील प्रार्थना वाचते, प्रभूची प्रार्थना म्हणते, लोकलमध्ये स्टेशनागणिक एका घराचं नाव घेते. एवढंच. आणि कोरडेपणात साक्ष द्यायला उभे राहू नका. मंडळीला सांगा की या महिन्यात मी फक्त ऐकणार.

१९. संस्था दर महिन्याला “किती आत्मे जिंकले”, म्हणजे किती जणांनी विश्वास स्वीकारला, असा तक्ता मागते. काय भरू?

खरं ते. शून्य असेल तर शून्य. आकडा फुगवला की पुढच्या महिन्यात त्याहून मोठा लागतो. लोकांचे हात जोडलेले फोटो त्यांना न विचारता कुणालाही पाठवू नका. एखाद्या सुनेच्या घरी तो फोटो पोचला तर तिचं काय होईल याचा विचार आधी करा.

२०. नवा विश्वासणारा वारला. घरचे म्हणतात अग्नीच देणार. मंडळी म्हणते दफन. आम्ही काय करावं?

घरच्यांचं ऐका. दारात प्रेत ठेवून भांडण करू नका. त्या घरी पुढे तुम्हाला पाणीही मिळणार नाही, आणि मिळू नयेच. दहनाने विश्वासाला बाध येत नाही. कॅथलिक चर्चनेही १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे. स्मशानात जा, खांदा द्या. घरच्यांनी परवानगी दिली तर एक स्तोत्र वाचा, नाही दिली तर मनात म्हणा. मंडळीत स्मरणाची उपासना नंतर घेता येते.

माणसाची स्वतःची इच्छा दफनाची असेल तर ती त्याने जिवंतपणी घरच्यांसमोर बोलून दाखवावी आणि कागदावर लिहून ठेवावी. शिवाय दफनभूमीत जागा मिळताना बहुतेक ठिकाणी कुठल्या मंडळीचे सभासद हे विचारतात आणि पाळकांचं पत्र मागतात. गृहसभेला वर्षानुवर्षं येणारे पण कुठल्याच मंडळीच्या नोंदवहीत नसलेले लोक इथे अडकतात. त्यामुळे बाप्तिस्म्यानंतर नाव नोंदवून घ्या आणि घर बदललं, ठाण्याहून पनवेलला गेलात, तर नोंदही हलवा.